अनुभव धागा: बुटात फोन असलेला गुप्तहेर

कपाशीकाठ
राजेहो, काल रात्री हसून हसून पोट दुखलं, म्हणून हा धागा.

पोरगा दिवाळीला पुण्याहून आला आहे. जेवणं झाली, लाइनही होती, तर त्यानं लॅपटॉपवर 'गेट स्मार्ट' या जुन्या अमेरिकन विनोदी हेर-मालिकेचा पहिला भाग लावला. "आई, तू नेहमी सांगतेस तो बुटातल्या फोनवाला हाच ना?" हाच की! लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे नागपूरला पाहिला होता. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण भर मैफिलीत एका माणसाच्या बुटात घंटी वाजते, सगळे वळून बघतात, आणि तो गडी उठून एका खोलीत शिरतो, बूट काढतो आणि कानाला लावतो. हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?

तेव्हा आमच्या गावात (धामणगाव रेल्वेच्या पुढे) फोन एकच, पोस्टात. ट्रंक कॉल आला की पोस्टातून पोरगं पळत यायचं. ज्याचा फोन तो पुढे आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली. तो बोलायचा, बाकीचे ऐकायचे. तर गावी आल्यावर मी बुटातल्या फोनची गोष्ट सांगितली, कोणी विश्वासच ठेवेना. मग खेळ सुरू झाला. पण बूट होते फक्त मास्तरांच्या मुलाकडे, त्यामुळे एजंट कायम तोच. आम्ही स्लिपरवाले शत्रुपक्षात.

काल लक्षात आलं, डोकं चालवते ती त्याची जोडीदार एजंट ९९ आणि भाव खातो बुटातल्या फोनवाला मॅक्सवेल स्मार्ट. तेव्हा हे दिसलंच नव्हतं. मिस्टर बिग नावाचा खलनायक ठेंगणा आहे, त्याच्या उंचीवरचे विनोद आता टोचले. पण मायकेल डननं काम काय केलंय! आणि मॅक्सवेल झालेल्या डॉन अ‍ॅडम्सचा तो चेहरा. मूर्खपणा जितका मोठा तितका चेहरा ठाम. आमच्याकडच्या काही पुढाऱ्यांची आठवण झाली, नावं घेत नाही.

तुम्हीही सांगा. जुनी मालिका, पहिला भाग, टीव्ही, अँटेना, काहीही चालेल.

दारव्हेकर
थो गाजर खाणारा का? काळा चष्मावाला?

आर्वीची लेक
नाही हो दादा, तो करमचंद! आपला पंकज कपूर. १९८५. आणि त्याची मदतनीस किटी म्हणजे सुश्मिता मुखर्जी. ताई सांगतात तो अमेरिकेचा आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडे करमचंद ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसून पाहिला. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या, पोरं अगदी टीव्हीच्या नाकाखाली. गाजर बाजारात फक्त हिवाळ्यात यायचं, मग उन्हाळ्यात माझा भाऊ काकडी चावत "शट अप किटी" म्हणायचा. कोणाला? मला. अजूनही म्हणतो. माझ्या भाच्यांना मी किटी आत्या म्हणूनच माहीत आहे, खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत वाचून त्यांनी विचारलं ही कोण.

दारव्हेकर
हाव, मंग बरोबर. म्या गाजरवालाच पायला. पुन्हा आला होता ना थो, सोनीवर?

आर्वीची लेक
२००७ ला. किटी बदलली होती. मी नाही पाहिला, काकडी संपली होती.

वावरातला
ताई थे काचेचं झाकण आठवते का? दोघाच्या डोक्यावर वरतून उतरते थे?

कपाशीकाठ
अहो तेच तर! पहिल्याच भागात आहे. गुप्त बोलायचं म्हणून ते झाकण खाली घेतात. त्याचा साहेब, चीफ, नको नको म्हणतो, मॅक्सवेल नियमावर बोट ठेवून हट्ट धरतो. आणि झाकणाखाली दोघांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही.

वावरातला
थे पाहून मले आमचा आबा आठवते. आबाले ऐकू कमी. घरात काही गुप्त बोलाचं असलं, सोयरिकीचं, नाईतर पैशाचं, तर माहा बाप त्याले धुऱ्यावर न्यायचा, का कोणी ऐकू नये. आन मंग तिथं ओरडून सांगायचा. आबा म्हणे "काय?" बाप आणखी जोरात. शेवटी बाजूच्या वावरात डवरे हाकणारा माणूसच तिकडून उत्तर द्यायचा, "द्या पोरगी, घर चांगलं हाय!"

माह्या मोठ्या बहिणीचं तसंच जमलं. खोटं नाई सांगत.

पुलगाववाला
हा हा हा, लोळलो. बहीण सुखी आहे ना?

वावरातला
एकदम. जावई डवरे हाकणाऱ्याचाच पुतण्या निघाला.

ऑफिसातून चोरून
मालिकेबद्दल थोडं. जेम्स बाँडची चलती होती तेव्हा मेल ब्रूक्स आणि बक हेन्री या दोघांनी त्याची टर उडवायला ही लिहिली. सप्टेंबर १९६५ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू, १९७० पर्यंत १३८ भाग. पहिला भाग तेवढा कृष्णधवल आहे, पुढचे रंगीत. डॉन अ‍ॅडम्सला या भूमिकेसाठी तीनदा एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. ताई म्हणतात त्या मायकेल डनला त्याच सुमारास एका सिनेमासाठी ऑस्करचं नामांकनही होतं. साहेब आले, बाकी नंतर.

मूर्तिजापूर जंक्शन
पहिला भाग कृष्णधवल, पुढचे रंगीत, आम्हाला काय फरक पडणार होता? आमचा टीव्हीच ब्लॅक अँड व्हाइट. वडिलांनी अकोल्याहून ती रंगीत प्लॅस्टिकची काच आणली होती पडद्यावर लावायची. वर निळी, मध्ये गुलाबीसर, खाली हिरवी. म्हणजे माणसाचं कपाळ निळं आणि पाय हिरवे. बातम्यांत बाई बसलेली असायची म्हणून तिला हिरवा रंग कमी लागायचा. क्रिकेटला मात्र मैदान बरोबर हिरवं यायचं, त्या एका गोष्टीवर वडील जन्मभर खूश.

किरण टेलर्स
आमचीबी होती थे काच! उन्हाने फुगली मंग फेकली. शकुंतला रेल्वे चालू होती का हो तुमच्याकडं तवा?

मूर्तिजापूर जंक्शन
होती ना. यवतमाळलाही त्याच गाडीनं आणि अचलपूरलाही त्याच. उतरून शेजारून चालत जाता यायचं. वेगळा धागा काढा, मी येतो.

नवीन सून
मी यांच्यात सगळ्यात लहान दिसते. डॉन अ‍ॅडम्स म्हणजे इन्स्पेक्टर गॅजेटचा आवाज ना? कार्टून? माझ्या नवऱ्यानं आत्ता सांगितलं आणि मी पोळी करपवली.

ऑफिसातून चोरून
बरोबर. १९८३ चं कार्टून. तोच नाकातला आवाज.

रात्रपाळी
बाबा लाइनमन होते टेलिफोनचे. खांबावर चढून हातातला फोन तारेला जोडायचे आणि वरूनच बोलायचे, खाली आम्ही पोरं उभी. आम्हाला वाटायचं बाबा आकाशाशी बोलतात. बुटातल्या फोनपेक्षा भारी होतं ते. पावसाळ्यात तार तुटली की रात्री-अपरात्री सायकलवर जायचे, पाठीला दोराचं वेटोळं. पोळ्याच्या दिवशीसुद्धा गेले होते एकदा, बैल काकांनी फिरवले.

या उन्हाळ्यात गेले. टीव्हीवरचं काही फार पाहायचे नाहीत, पण हाणामारीपेक्षा हसवणारा हेर त्यांना आवडला असता. तुमचा धागा वाचून लिहिलं, विषय सोडून असेल तर माफ करा.

कपाशीकाठ
विषयातलंच आहे दादा. लिहा अजून त्यांच्याबद्दल. आमच्या पोस्टातल्या फोनचा आवाजही अशाच कोणी तरी खांबावर चढल्यामुळेच येत असेल.

आर्वीची लेक
सांभाळा स्वतःला. आईंना कोण आहे सोबत?

रात्रपाळी
आहे, धाकटा भाऊ असतो गावी. धन्यवाद ताई.

वावरातला
दादा, थे हातातला फोन ठेवला काय घरी? ठेवजा. देऊ नका भंगारात.

पांढरकवडा एक्स्प्रेस
थो बोटीवरचा सीन पाहा शेवटाकडं! कचऱ्याच्या बोटीवर मिस्टर बिग त्याले पकडते. तिथं मॅक्स फेकते का सात जहाजं आपल्याले घेरून रायले. थो म्हणे पटत नाई. बरं, सहा? नाई. मंग उतरत उतरत नावेतल्या दोन शिपायांवर येते.

आमच्या गावात सेम माणूस हाय. टिपेश्वर अभयारण्याजवळ, वाघ तर हायेच. हा सकाळी हॉटेलात सांगते, "रातच्याले वाघ आडवा आला." कोणी म्हणते गाडीच्या उजेडात दिसला काय? "नाई, वाघ नाई, बिबट असल." पावलं पाहू चाल. "बिबट्याचं पिल्लू असल." पैज लाव. "अरे डोये चमकले ना बाप्पा, मांजर काय चमकत नाई का?" चहा तेवढा फुकट पिऊन जाते. गंमत अशी, एकदा खरंच आला होता वाघ त्याच्या गोठ्यात, गोऱ्हा नेला, आन तवा कोणी उठलंच नाई.

पुलगाववाला
हे वाचून हसावं का रडावं. वनखात्याकडून मिळाली का भरपाई?

पांढरकवडा एक्स्प्रेस
भेटली. पंचनाम्याले लोक येईपर्यंत आम्हीच राखण केली गोऱ्ह्याची. थे एक येगळं पुराण हाय.

दारव्हेकर
सोयाबीन काय भाव गेलं कोणाचं?

किरण टेलर्स
विचारू नका. ओल जास्त म्हणून कापलं.

दारव्हेकर
माह्यंबी. म्या वाळवून पुन्हा नेतो आता.

नवीन सून
ताई, ती एजंट ९९ पहिल्यांदा येते तेव्हा टोपी घालून ड्रायव्हर बनून येते आणि तो तिला माणूस समजतो, तेच ना? सासूबाई आणि मी आत्ता फोनवर पाहतोय. टोपी काढली, केस खाली आले, तर सासूबाई म्हणाल्या, "माय वो, हे तर आमच्या कॉलेजच्या ड्रामाबाजीसारखंच." सासूबाई कॉलेजात नाटकात होत्या, हे मला आज कळलं!! यवतमाळला. पुरुषाची भूमिका. मिशी लावून. फोटो आहे म्हणे पेटीत.

आर्वीची लेक
मालिका गेली खड्ड्यात, फोटो काढा आधी.

नवीन सून
काढतेय. पेटीवर गाद्या ठेवल्यात. थांबा.

वावरातला
मी जातो राजेहो. आज रातची लाइन हाय, हरभऱ्याले पाणी द्या लागते. पांढरकवड्यावाल्यानं भेव दाखवून ठेवलं वरतून.

पांढरकवडा एक्स्प्रेस
तुमच्याकडं कुठी वाघ? रानडुकरं असतीन फार तर.

वावरातला
तूच म्हणत होता ना सात.

मूर्तिजापूर जंक्शन
दोघं जण जा. मोटर चालू करताना कोरड्या जागेवर उभं राहा, मागच्या वर्षी आमच्याकडे झटका बसला होता एकाला, वाचला.

नवीन सून
सापडला फोटो!! मिशी एका बाजूनं निघालेली आहे. सासूबाई टाकू देत नाहीयेत. म्हणतात आधी मामंजींना दाखवते, त्यांनीही कधी पाहिला नाही.