उदयोन्मुख बाजारपेठांचा अभ्यास आणि प्राध्यापकाची कारकीर्द

प्रश्न (लातूर):
नमस्कार. एम.कॉम. आणि सेट झाल्यावर मी येथे तासिका तत्त्वावर शिकवते. उदयोन्मुख बाजारपेठांवर, म्हणजे भारतासारख्या विकसनशील देशांतील वाढत्या बाजारांवर, पीएच.डी. करून वित्त विषयाची प्राध्यापक व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अशी कारकीर्द कशी घडते आणि लातुरात राहून ती घडू शकते का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर, निवृत्त प्राध्यापक):
ताई, हे क्षेत्र अजून तरुण आहे. ‘इमर्जिंग मार्केट्स’ हा शब्दप्रयोगच १९८१ मध्ये जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या आंत्वान व्हान अग्तमाएल यांनी रूढ केला. पुढे एकेका देशाने आपला शेअर बाजार परकीय गुंतवणूकदारांना खुला केला, भारताने तो सप्टेंबर १९९२ मध्ये केला, आणि देशागणिक ही वर्षे वेगवेगळी असल्यामुळे बाजार खुला होण्याआधी आणि नंतर भांडवल किती महाग पडत होते, याची तुलना संशोधकांना करता आली. गीर्ट बेकार्ट आणि कॅम्पबेल हार्वे या वित्त-संशोधकांनी १९९५ मध्ये असे दाखवले की एखादा बाजार जगाशी किती जोडलेला आहे, हे प्रमाण काळानुसार बदलते. त्यानंतरही अनेक वर्षे ते याच प्रश्नाच्या नवनव्या बाजू तपासत राहिले. अशा एका प्रश्नाला चिकटून राहण्यातूनच कारकीर्द उभी राहते. विषय वरचेवर बदलणारे माझे काही गुणी विद्यार्थी मागे पडले, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर २ (नांदेड, संशोधक विद्यार्थी):
सरांशी मी सहमत आहे. मात्र एम.कॉम.मध्ये अर्थमिती (आर्थिक आकडेवारी संख्याशास्त्राने तपासण्याचे शास्त्र) फारशी होत नाही, त्यामुळे नोंदणीपूर्वी एक वर्ष तिच्यासाठी द्यावे. विषयाचे म्हणाल, तर तो तुमच्या मोंढ्यातच (धान्यबाजारातच) आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबी या बाजार नियामक संस्थेने सोयाबीनसह सात वस्तूंचे वायदे (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचे आज ठरलेल्या दराने होणारे करार) स्थगित केले, तर तुरीचे वायदे २००७ पासूनच बंद आहेत. म्हणजे स्थगितीनंतर लातूरच्या सोयाबीनच्या दरांतील चढउतार वाढले का, हे तुरीच्या दरांशी ताडून पाहता येईल.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर, निवृत्त प्राध्यापक):
कल्पना उत्तम आहे, पण एक सावधगिरी हवी. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली होती, शिवाय त्याच वर्षी डाळींवर साठामर्यादाही आल्या होत्या. त्यामुळे दरांतला कोणता बदल वायदेबंदीमुळे झाला आणि कोणता या निर्णयांमुळे, हे वेगळे करता आले नाही, तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतील.

प्रश्नकर्ती:
सर, दादा, मनापासून आभार. माझे वडील आडतीवर हिशेब लिहितात आणि सोयाबीनच्या सौद्याच्या रोजच्या नोंदी त्यांनी जपून ठेवल्या आहेत. बाजार समितीच्या दरांशी त्या ताडून पाहण्याचे काम या रविवारपासून सुरू करते.