बी.एस्सी.च्या पोरांना बोलायला शिकवायचं म्हणजे तास वाया?

अथणीकर : शेवटच्या वर्षाला आता ‘लोकांशी संवाद’चे तास. टायट्रेशनमध्ये (थेंबाथेंबानं द्रावण घालून मोजताना) रंग कुठं बदलला ते कळत नाही, तिथं भाषणं कशाला? विषय पक्का असला की सांगता येतंच.

माती तपासनीस, चिकोडी : हे ‘येतंच’ अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मातीचा अहवाल घ्या : पीएच (आम्ल-विम्लता) 8.9, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 0.6, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के. परीक्षकाला एवढं पुरतं. ऊसवाल्याला पोती सांगावी लागतात, तीही एकरी. शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची (नायट्रोजनची) असेल तर एकरी 100. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या पोत्यात 20.7. झाली पाचाला थोडी कमी, तीही हप्त्यांनी. अडीचनं भागायचं राहिलं की रानात अडीचपट खत पडतं. तोच अहवाल एकदा परीक्षकाला, एकदा शेतकऱ्याला सांगायला लावा, मग बघा किती जणांना ‘येतंच’.

अथणीकर : हे गणित झालं, संवाद नव्हे. आणि सांगायचं कुठल्या भाषेत? आपल्या सीमाभागात पुस्तक इंग्रजी, सरकारी कागद कन्नड, शेतकरी मराठी. आधी त्याचं बोला की!

निपाणीच्या बाई : घोळ भाषेचा नाही, शब्दाचा आहे. ‘जमीन खारी झालीय’ एवढंच सांगितलं की शेतकरी जिप्सम (सोडियम हटवणारं कॅल्शियमचं खनिज) आणतो. क्षारपड रान, म्हणजे वर पांढरा थर, संपृक्त अर्काचा (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचा) ईसी 4 च्या वर, पीएच 8.5 च्या आत, तिथं जिप्समचा पैसा पाण्यात. चर काढून निचरा करा, गोड्या पाण्यानं क्षार धुवा. चोपण, म्हणजे सोडियम साठलेलं रान, वेगळं : ओलं चिकट, वाळलं की दगड, पाणी जिरत नाही. जिप्सम तिथं. कन्नडवाले ‘सवळु-जवळु’ एका दमात म्हणतात, पण सवळु म्हणजे क्षार, जवळु म्हणजे पाणथळ. तेव्हा पोरानं आधी विचारावं, ‘पावसाचं पाणी किती दिवस उभं राहतं?’

माती तपासनीस, चिकोडी : बाई, अर्धंच सांगितलंत. क्षार आणि सोडियम दोन्ही असलेलं रान नुसतं धुतलं तर चोपण होतं. आधी जिप्सम, मग पाणी.

अथणीकर : भांडण मातीचं नव्हतं! बरं, विचारायला शिकवा, तेवढं मान्य. पण प्रॅक्टिकलचा तास कापायचा नाही, आणि लेखी पेपर तर नकोच. मार्क कशावर देणार?

निपाणीच्या बाई : ऐकणाऱ्यानं परत सांगायचं : किती पोती, कधी, कुठल्या रानात. तो चुकला तर मार्क पोराचे कापायचे.