मदत हवी आहे: आजोबांच्या थोरल्या भावाची युद्धातली नोंद कशी शोधायची?

नमस्कार मंडळी. आजोबांचे थोरले भाऊ सोलापुरात नवी पेठेजवळ एका बँकेत कारकून होते. दुसऱ्या महायुद्धात नोकरी सोडून मराठा पलटणीत गेले आणि १९४४ मध्ये इंफाळकडे वारले, एवढंच घरात सांगतात. पगाराची खुर्ची सोडून हा माणूस का गेला, याचं उत्तर पणजीला शेवटपर्यंत मिळालं नाही.

हाताशी फक्त एक बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी मिळालेलं युद्धपदक, आहे. मागे नंबर आणि नाव कोरलंय, पण आत्याने वर्षानुवर्षं चिंचेने घासून निम्मं घालवलंय! मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची ४ थी बटालियन लढली होती. ते तिच्यातच होते का, हे मात्र कळत नाही.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत नाव शोधून पाहिलं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकलं, तरी काही नाही. दहन झालेल्यांची नावं इंफाळच्या स्मारकावर असतात आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळपास २७,००० जणांची ब्रह्मदेशातल्या रंगून मेमोरियलवर. आमचे कुठे असतील?

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला कुणी असं पत्र लिहिलंय का? नंबर अर्धवट असताना काय लिहावं? आणि झिजलेली अक्षरं धातूला धक्का न लावता वाचून देणारं सोलापूर-पुण्यात कुणी आहे का? आत्या ८६ वर्षांच्या आहेत, म्हणून घाई.