मंडळीची शिल्लक बँकेत पडून आहे : विश्वासू कारभार की पुरलेला तालंत?

प्रश्न : नवा खजिनदार

जय ख्रिस्त. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या लहानशा मंडळीने (चर्चने) यंदा खजिनदारीचे काम माझ्याकडे सोपवले. दप्तर ताब्यात घेतले तेव्हा मुदत ठेवीत ४ लाख ८० हजार रुपये असल्याचे कळले. ही रक्कम कोणा एका मोठ्या देणगीदाराची नाही. रविवारच्या दानपेटीतील नोटा, मोजक्या कुटुंबांचे दशमांश आणि कापणीच्या उपकारस्तुतीला आणलेली बाजरी, भोपळे व कोंबड्या यांचा लिलाव, यांतून ती अकरा वर्षांत साठली आहे. देवाच्या पैशाला हात लावू नये, असे वडीलधारे म्हणतात. तरुणांना ध्वनियंत्रणा हवी आहे. आणि मंडळीतल्या दोन मुलींचे नर्सिंगचे शिक्षण फीअभावी थांबले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय वाचताना ती ठेवपावती मला, धन्याने सांभाळायला दिलेला तालंत (त्या काळची मोठी रक्कम) न वापरता तिसऱ्या दासाने जमिनीत पुरून ठेवला, त्या तालंतासारखी वाटू लागली. माझे चुकते आहे का?

उत्तर : वचनाचा विद्यार्थी

थोडे चुकते आहे. त्याच दृष्टांतात २७ व्या वचनात धनी म्हणतो की माझा पैसा निदान सावकारांकडे तरी ठेवायचा होतास, म्हणजे तो मला व्याजासह मिळाला असता. तेव्हा बँकेत ठेवणे म्हणजे पुरणे नव्हे. पण धन्याच्या लेखी ती किमान अपेक्षा आहे, हेही विसरता येत नाही. तालंत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या त्या दासाच्या हातीही जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. (आपले उपदेशक तालंत म्हटले की गायन-वादनाच्या कलागुणांकडे वळतात आणि पैशाचा विषय सोडून देतात, हे जाता जाता.) त्या दासाने काही चोरले नव्हते, उधळलेही नव्हते, धनी कठोर आहे असे मानून तो भ्याला, एवढेच. ‘हात लावू नये’ या म्हणण्यात, आदराच्या भाषेत का होईना, मला तीच भीती ऐकू येते.

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक

भीती नको हे मान्य, पण आधी पावतीपुस्तके काढा. जे दान इमारतीसाठी म्हणून मागितले गेले, ते फीसाठी वळवण्याचा अधिकार ना खजिनदाराला आहे, ना पंचांना. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याचे कलम ३५ न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा हे सांगते, आणि स्थावर मालमत्ता विकायची झाल्यास कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हिशेब मागितला की ‘पाळकांवर विश्वास नाही का?’ असे विचारणारे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ८ वा अध्याय वाचून दाखवा. पवित्र जनांसाठी जमलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही; मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला, आणि या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी दोष लावू नये म्हणून, असे कारणही लिहून ठेवले. दानपेटी दोघांनी मिळून मोजावी आणि त्याच दिवशी दोघांनी सही करावी.

उत्तर : दौंडकर

दौंड तालुक्यातील केडगावचे उदाहरण या प्रश्नाला फार जवळचे आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्याला आधार देण्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर शारदासदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा स्वतःच्या उत्पन्नावर चालावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. म्हणजे पुढची तरतूद करणे त्यांना अविश्वासाचे वाटले नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणाव्या लागल्या आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा बागेसाठी घेतलेली तीच जमीन त्यांनी या मुलींसाठी मोकळी केली. झाडे मोठी होऊन उत्पन्न सुरू होईपर्यंत थांबू, असे त्या म्हणाल्या नाहीत. तुमच्या ठेवीची मुदत कधी संपते, यापेक्षा त्या दोन मुलींच्या प्रवेशाची मुदत कधी संपते, हे आधी पाहा.

उत्तर : मागच्या बाकावरचा

ध्वनियंत्रणेला उगाच चैन समजू नका. आमच्याकडे ऐंशी ओलांडलेल्या आजी वर्षभर उपदेश ऐकू न येताच बसून होत्या आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

नवा खजिनदार

सर्वांचा आभारी आहे. पावतीपुस्तके तपासली, १ लाख ३५ हजार रुपये छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून दिलेले आहेत, ते तसेच राहतील. उरलेल्या रकमेतून आधी फी, मग साधा ध्वनिवर्धक, असा ठराव वार्षिक सभेपुढे मांडतो. मात्र सभेत मुलींची नावे सांगावी लागतील का? त्यांच्या आईला ते फार लागेल.

निवृत्त लेखापरीक्षक

सभेपुढे फक्त रक्कम आणि कारण ठेवा, नावे पंचांपुरती राहू द्यात. फी मात्र थेट कॉलेजच्या खात्यात भरा आणि पावती दप्तराला लावा.