होंडा सिटीला 7 जे अलॉय : स्पेसर टाकू की ऑफसेट बदलू?

मंडळी, नाशिकहून लिहितोय. गाडी 2012 ची सिटी. सेकंडहँड 16 इंची अलॉय घेतलेत : 7 जे (रिमची रुंदी 7 इंच), ईटी 45 (म्हणजे ऑफसेट 45 मिमी; हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर), टायर 205/50. मूळ टायर 175/65 आर15, त्यामुळे उंची जवळपास तेवढीच. रुंदी मात्र नडतेय. पुढचा टायर आणि शॉकअप यांच्यामध्ये पेन्सिलही शिरत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की खर्र आवाज येतो. पाच जण बसून वणीला गेलो, तेव्हा गडाच्या वळणांवर तर सगळ्यांनी ऐकला.

गॅरेजवाला म्हणतो, 5 मिमीचा स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली चकती) टाका, विषय संपला. पण चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मधल्या कडेचा व्यास 56.1 मिमी आणि अलॉयच्या मधल्या भोकाचा 73.1, म्हणून मधली फट भरायला प्लॅस्टिकची हब रिंग आहे. स्पेसरने हबची कड खाल्ली तर रिंग टेकणार कशावर? शिवाय स्टड 12×1.5 चे (दर 1.5 मिमीला एक आटा), म्हणजे नटाचे तीनेक आटे गेलेच.

दुसरा मार्ग, हे विकून ईटी 38 घ्यायचे. आत 7 मिमी सुटतील. तिसरा, अंबडचा ओळखीचा लेथवाला 6061 अॅल्युमिनियममध्ये कडेसकट स्पेसर काढून देतो म्हणतो, पण कड हवी तर जाडी वाढणार. काय करू?

प्रतिसाद :
आधी घासतंय कुठे ते बघा. शॉकअप चाकाबरोबरच वळतो, स्टिअरिंग कितीही फिरवा, ती फट तेवढीच राहते. लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर, येणारा आवाज बहुधा लाइनरचा (चाकाभोवतीचं प्लॅस्टिकचं अस्तर). टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासा, मोकळ्या जागेत गाडी फिरवा, पुसलेली जागा शोधा. लाइनरच असेल तर स्पेसरने त्रास वाढेलच, कारण चाक बाहेर गेलं की वळताना मोठा घेर घेतं. शॉकअपला लागत असेल तर सरळ ईटी 38. लेथवाल्याला स्पेसरऐवजी अॅल्युमिनियमची हब रिंग करायला सांगा, त्यात पैसे वसूल आहेत.

आणि नट कुठले लावलेत? होंडाच्या मूळ नटांची बैठक गोल असते, बाहेरच्या अलॉयना बहुतेक वेळा शंकूची लागते. न जुळणारे नट हळूहळू सैल होतात. योग्य नट आणून 108 न्यूटन-मीटरला आवळा, शंभरेक किमीनंतर पुन्हा तपासा.

धागाकर्ता :
बापरे. गॅरेजवाल्याने नट मूळचेच लावलेत. नवे येईपर्यंत गाडी उभी, खडू नंतर.