गोव्यातील डोंगरभटकंतीचे कपडे: महागडे जाकीट हवे की साधी छत्री पुरे?

सत्तरीकर (वाळपई)

पणजी, मडगाव आणि म्हापसा येथील दुकानांत डोंगरभटकंतीचे कपडे आता सहज मिळतात आणि तरुण मुले-मुली ते आवडीने घेतात, याचा आनंदच आहे. मात्र या कपड्यांबरोबर जी शिकवण येते, ती थंड आणि कोरड्या डोंगरांवर तयार झालेली आहे. अंगालगत एक थर, त्यावर उबेचा थर आणि सर्वांत बाहेर पाणी अडवून घाम बाहेर सोडणारे जाकीट, हे तिहेरी सूत्र हिमालयात चोख ठरते. आपल्या सुर्ल्यात किंवा नेत्रावळीत जुलै महिन्यात ते का फसते, यावर येथे चर्चा व्हावी असे वाटते.

माझे म्हणणे असे आहे की, गोव्यात कपडे निवडताना तापमानाआधी हवेतील दमटपणा पाहिला पाहिजे. १९६९ मध्ये बॉब गोर यांना टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा करण्याची युक्ती सापडली आणि त्यातून ‘श्वास घेणारी’ जाकिटे आली. त्या पापुद्र्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या व बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. बाहेर पाच अंश तापमान असेल, तर हा फरक भरपूर असतो. बाहेर पंचवीस अंश आणि हवा पावसाने काठोकाठ भरलेली असेल, तर तो निम्म्याहूनही कमी होतो; त्यातच जाकिटाचा बाहेरचा पृष्ठभाग भिजून जड झाला की, उरलासुरला मार्गही बंद होतो. चढणीवर माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. तो जाणार कुठे? पावसाने भिजू नये म्हणून हजारो रुपये मोजलेला माणूस आतून घामाने भिजतो आणि वर उकाड्याने कासावीस होतो.

त्यामुळे पावसाळ्यापुरता माझा सल्ला सरळ आहे. आपण भिजणार हे गृहीत धरावे आणि लवकर वाळणारे, अंगाला न घासणारे कपडे घालावेत. साधारण दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. प्रत्यक्ष भिजल्यावर ही तफावत आणखी जाणवते, आणि जीन्स घालून ओढा ओलांडलेल्या कोणालाही ते वेगळे सांगायला नको. पातळ ड्रायफिट टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतची ताणली जाणारी पँट, जळवांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे आणि हातात घडीची छत्री एवढे पुरे होते. रपरप पडणाऱ्या सरळ पावसात छत्रीइतकी हवेशीर सोय दुसरी नाही.

उन्हाळ्यात सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्या दगडाच्या पठारावर, प्रश्न अगदी उलटा असतो. तेथे सैल, पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा आणि रुंद काठाची टोपी हवी. थंडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेसाठी एखादा पातळ स्वेटर असला की झाले.

राहता राहिला दिसण्याचा प्रश्न. कपड्यांची शोभा त्यांच्या शिवणीत आणि मापात असते, छातीवरच्या नावात नसते. रंग मातीचे, पाचोळ्याचे असावेत. चकाकता पोपटी किंवा नारिंगी रंग घालून रानात जाणे मला अशिष्टपणाचे वाटते.

मडगावची वाटसरू

सत्तरीकरबाब, जाकिटाविषयीचा आपला मुद्दा मला मान्य आहे; परंतु दिसण्याचा विषय आपण शेवटच्या चार ओळींत उरकलात, तेथे माझा आक्षेप आहे. पुरुषांच्या भटकंतीच्या पँटला सहा खिसे असतात आणि तिच्या गुडघ्याला वेगळी शिवण असते. तीच पँट बायकांसाठी शिवताना खिसे नावापुरते राहतात, कंबर खाली सरकते आणि चढताना पाठ उघडी पडते. मग आम्ही लेगिंग घालतो, आणि करवंदीची जाळी पहिल्याच वळणावर तिच्या चिंध्या करते. नीट बेतलेला कपडा अंगावर शोभतो आणि त्याच कारणाने तो चालायलाही सोयीचा असतो. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या काढून एकीला चैन म्हणणे मला पटत नाही.

आणखी एक बाब आपल्या यादीत नाही. आपल्या बहुतेक वाटा निर्मनुष्य रानातून थेट धबधब्यावर जात नाहीत. त्या वाड्यांमधून, कुळागरांच्या (पोफळीच्या बागांच्या) कडेने, देवळासमोरून जातात. तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या देवळात डोकवायचे असेल, तर गुडघ्यावर संपणारी पँट घालून जाणे मला तरी अवघड वाटते. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, दोन्ही बाजूंनी चिरलेला, पातळ सिंथेटिक कापडाचा कुर्ता आणि खाली सैल पँट हा वेष मी सुचवते. शिंप्याकडे तो हवा तसा शिवून मिळतो, खिसे आपल्याला पाहिजे तेथे लावता येतात आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांना आपण परग्रहावरून आल्यासारखे वाटत नाही.

या निमित्ताने कुणबी कापडाची आठवण ठेवावी. लाल चौकटींचे, पोटरीच्या वर नेसलेले आणि खांद्यावर गाठ मारलेले ते लुगडे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी नव्याने लोकांसमोर आणले, तेव्हा सर्वांनी त्याचे सौंदर्य पाहिले. चिखलात पाय मोकळे राहावेत आणि वाकताना पदर घसरू नये, हा त्यामागचा विचार मात्र फारसा कोणी पाहिला नाही. आम्ही लुगडे नेसून डोंगर चढावा असे मी म्हणत नाही. कष्टाच्या कपड्याला रूप असू शकते, हे आपल्याकडे नवे नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

घाटवाट (फोंडा)

मूळ लेखातील शास्त्र बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. लोकांना डोंगरावर घेऊन जाण्याचे काम मी करतो, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

जाकीट चालताना घालायचे नसतेच. ते थांबल्यावर घालायचे असते. चढताना माणूस स्वतःच्या उष्णतेने तापलेला असतो, तेव्हा भिजला तरी बिघडत नाही. चोर्ला घाटाच्या माथ्यावर पोचल्यावर, वारा सुटलेला असताना, ओल्या कपड्यांत अर्धा तास जेवायला बसा म्हणजे फरक कळेल. शरीराचे तापमान घातक पातळीवर उतरण्यासाठी बर्फ लागत नाही. ओले अंग, वारा आणि थकवा यांची गाठ पडली, तर वीस अंशांच्या आसपासही माणूस थरथरू लागतो, त्याचे बोलणे अडखळते आणि पाय चुकू लागतात. एखाद्याचा घोटा मुरगळला आणि मदत येईपर्यंत एकाच जागी बसून राहावे लागले, तर तुमची छत्री काय कामाची?

छत्रीविषयी दुसरी अडचण हातांची आहे. शेवाळलेल्या जांभ्यावर उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. छत्री सपाट वाटेवर, रुंद रस्त्यावर ठीक आहे. वाऱ्यात ती उलटते आणि अरुंद वाटेवर मागच्याच्या डोळ्यात तिची काडी जाते. पोंचोही (डोक्यावरून घालायचा घेरदार रेनकोट) मी सुचवत नाही, कारण त्याच्या घेरामुळे स्वतःचे पाऊलच दिसत नाही.

पैशांचा मुद्दा उरतो. महागडा पापुद्रा नसलेले, आतून लेप दिलेले साधे जाकीटही चालते. फक्त काखेखाली उघडणारी चेन असलेले पाहून घ्यावे. त्या चेनीतून जेवढी हवा खेळते, तेवढी कोणत्याही पापुद्र्यातून खेळत नाही. हेच जाकीट पुढे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर आणि हिमालयातही बाहेरचा थर म्हणून उपयोगी पडते. सामान्य पगारदार माणसाने प्रत्येक हवामानासाठी वेगळा संच घ्यावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

कुळागर (केपे)

आमच्या भागात रोज डोंगर चढणारी माणसे सुती शर्ट, अर्धी पँट आणि डोक्यावर टॉवेल एवढ्यावर आयुष्य काढतात. मागील पिढी पावसात डोक्यावरून कांबळ घेत असे. लोकर ओली झाली तरी ऊब देते, हे तिला कोणी दुकानदाराने शिकवले नव्हते. पॉलिएस्टरची एवढी भलामण करणाऱ्यांनी हेही लिहावे की, ते घामाचा वास सुतापेक्षा जास्त धरते आणि दर धुण्याला त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात भिजलेला सुती शर्ट वाळताना अंगाला गारवा देतो, आणि तेव्हा तोच हवा असतो. ज्याच्याकडे जो जुना कपडा आहे, तो घालून त्याने निघावे. खरेदीच्या याद्या पाहून नवीन माणूस घाबरतो आणि घरीच बसतो.

आरोग्यसेविका (डिचोली)

कुळागर यांनी अर्ध्या पँटचा उल्लेख केला आणि मूळ लेखातही ती सुचवली आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. या रोगाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला आणि तो माणसाला होतो गोचिडीच्या चाव्यातून. गोचिडीची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि पाचोळ्यात, गवतावर दबा धरून बसतात. त्यांचा मुख्य काळ साधारण जानेवारीपासून मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे ज्या कोरड्या दिवसांत आपल्याला मोकळे, आखूड कपडे घालावेसे वाटतात तोच.

म्हणून शिगम्याच्या सुमारास रानात जाणाऱ्यांनी घोट्यापर्यंतची पँट घालावी, तिची टोके मोज्यांत खोचावीत आणि शर्ट पँटमध्ये खोवावा. हे दिसायला बावळट दिसते, हे मला ठाऊक आहे. रंग मात्र फिका असावा, कारण काळ्या किंवा गडद हिरव्या कापडावर गोचीड डोळ्यांना दिसत नाही. पाचोळ्यात बसू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे, आणि घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंग घासून आंघोळ करावी. सड्यावर फुरशांचाही वावर असतो. घोटा झाकणारे बूट आणि सैल पायाची पँट यांमुळे त्या बाबतीतही थोडे संरक्षण मिळते.

पावसाळ्यातील दुखणे वेगळे. ओल्या कपड्यांत दिवसभर चालल्यामुळे मांड्या सोलवटून, जांघेत गजकर्ण झालेले तरुण आमच्याकडे दर वर्षी येतात. त्यातील बहुतेकांनी वरचे कपडे भारी घेतलेले असतात आणि आतला कपडा मात्र जाड सुती असतो. पैसे कमी असतील, तर आधी आतला कपडा बदला.

सत्तरीकर

उन्हाळ्यात पूर्ण पँट घालावी, ही आरोग्यसेविका यांची सूचना मी निःशंकपणे स्वीकारतो. माझ्या लेखातील अर्धी पँट पावसाळ्यापुरती होती. तरीही कोणी ती बारमाही समजू नये, म्हणून हे येथे नोंदवतो. कुळागर यांच्या सुती शर्टाविषयी एवढेच म्हणेन की, त्याचा गारवा हवा कोरडी असेल तेव्हाच मिळतो, आणि गोव्यात कोरडी हवा फार थोडे दिवस असते. शिवाय पातळ सुती कापड भिजले की, त्यातून ऊन अधिक शिरते. सड्यावर यूपीएफ ५० असे लिहिलेले कापड घातले, तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो.

घाटवाट यांच्या जाकिटाविषयी माझा विरोध कायम आहे. थांबल्यावर ऊब हवी हे मान्य. पण त्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा शर्ट आणि पातळ विंडचीटर पुरतो. ओल्या अंगावर जाकीट चढवण्यापेक्षा ओला कपडा काढून कोरडा घालणे केव्हाही चांगले.

एकच संच सगळीकडे वापरण्याचा आग्रह तर मला मुळीच पटत नाही. हजार मीटर वर गेले की, तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. गोव्यातील शिखरे हजार मीटरच्या आसपासची आहेत. हिमालयातील सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठावर डिसेंबरमध्ये जाणाऱ्याची गरज पूर्णपणे वेगळी असते. तेथे अंगालगत लोकरीचा थर, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापड) आणि मुक्कामाला पिसांचे जाकीट लागते. मात्र ती पिसे ओली झाली की गोळा होतात आणि त्यांची ऊब संपते. असे जाकीट विकत घेऊन वाळपईच्या कपाटात ठेवले, तर चवथीपर्यंत त्याला बुरशी लागलेली असते. पायथ्याच्या गावात ते भाड्याने मिळते, तेथूनच घ्यावे.

मडगावची वाटसरू

भाड्याची जाकिटे बहुधा पुरुषी मापाची असतात, हेही नोंदवून ठेवावे. खांदे ढगळ राहिले की गार हवा आत शिरते आणि पिसांचा उपयोग अर्धा होतो. बाहेरचा थर भाड्याने घ्यायला माझी हरकत नाही. अंगालगतचे दोन थर आणि बूट मात्र स्वतःच्या मापाचेच असावेत. लोकरीचे कपडे बुरशीपासून वाचवायचे असतील, तर ते पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि पावसाने उघडीप दिली की ऊन दाखवावे. आपल्याकडे भरजरी साड्यांसाठी हे केले जातेच.

घाटवाट

सत्तरीकरबाब, कोरडा शर्ट आणि विंडचीटर हा उपाय मला अर्धा मान्य आहे, कारण दोन्ही वस्तू मीही सोबत ठेवायला सांगतो. फक्त जोरदार सरीत विंडचीटर दहा मिनिटांत भिजतो आणि खालचा कोरडा शर्टही त्याबरोबर जातो. त्यामुळे छत्री घेणाऱ्याला मी अडवत नाही, पण माझ्या गटात जाकिटाशिवाय पावसाळ्यात कोणालाही घेणार नाही.

शेवटी रंगाविषयी. गवा, सांबर, भेकर या प्राण्यांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना तुमची चाहूल लागते ती हालचालीमुळे आणि वासामुळे, त्यामुळे अत्तर लावून मातकट कपडे घालण्यात काही अर्थ नाही. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात, म्हणून पक्षिनिरीक्षणाला जाणाऱ्यांनी मातकट रंग जरूर वापरावेत. इतरांचे निदान जाकीट किंवा पाठपिशवीचे आवरण तरी नारिंगी असावे, कारण म्हादईच्या रानात धुके उतरल्यावर पन्नास पावलांवरचा पाचोळ्याच्या रंगाचा माणूस शोधणाऱ्याला दिसत नाही.