वाटपानंतरच्या कामाचे काय?
एकाच मुलाला दोन संस्थांकडून श्रवणयंत्र मिळू नये म्हणून जिल्ह्यातील संस्थांनी लाभार्थ्यांची सामाईक यादी ठेवावी, ही श्रवणयंत्र वाटपाच्या चर्चेत आलेली सूचना योग्यच आहे. परंतु चर्चेचा सगळा भर वाटपावर राहिला असून खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वाढत्या वयात कानात बसणारा साचा सैल पडतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि मूल ते काढून टाकते. अमरावती जिल्ह्यातील धारणीकडच्या एका घरी असे यंत्र मी फडताळावर डबीत पडलेले पाहिले. त्यात घड्याळाचा सेल बसवण्याचा प्रयत्न झाला होता, कारण लागणारा झिंक-एअर सेल, जो त्यावरचा स्टिकर काढून हवा लागली की वापरला नाही तरी उतरत जातो, तिथल्या बाजारात मिळत नव्हता. (वाटपाच्या शिबिरात हारतुरे मात्र भरपूर होते म्हणे.)

साच्याचे माप घेणारा तंत्रज्ञ एका संस्थेकडे असेल, तर त्याने आठवडी बाजाराच्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या खोलीत बसावे. पालकांची अमरावतीची फेरी आणि बुडणारी मजुरी दोन्ही वाचतील. ऑडिओग्रामची, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखाची, प्रतही पालकांच्या हाती द्यावी, कारण डिजिटल यंत्राची जुळणी त्यावरूनच होते आणि तो पहिल्या संस्थेच्या फायलीत अडकला की दुसरीला तपासणी मुळापासून करावी लागते. सामाईक यादी केवळ दिव्यांग प्रमाणपत्रावर आधारू नये, असेही मला वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांतील ६० डेसिबल (आवाजाच्या तीव्रतेचे एकक) श्रवणन्यूनतेपासून सुरू होते, त्यामुळे पन्नास डेसिबल न्यूनता असलेले मूल, वर्गात मागच्या बाकावर काहीही न कळता बसलेले असले तरी, अशा यादीत येणारच नाही.